सात गुणिले दीडशे

परकारचाचांनी मस्कतहून ॲम्प्लिफायर आणला.
खोकं अजून माळ्यावर आहे,
सोनेरी आकडा दाराकडे तोंड करून:
सात गुणिले दीडशे वॅट.

मी मागची पाटी वाचली.
भिंतीतून घेतो चारशे, असं बारीक अक्षरात.
चारशे घेऊन हजार देणारं यंत्र असतं, चाचा,
तर हर्णै बंदरात डिझेल कोणी भरलं असतं?

परसात नेऊन टाकी दाखवली.
एक नळ सोडला, बादली दणक्यात भरली.
सातही सोडले, सातवा नुसता ओलसर.
"आकडा एकट्या नळाचा आहे.
तोही एकाच सुरावर,
आवाज थोडा फाटला तरी चालेल, या बोलीवर."

चाचा पायरीवर बसले,
लिलावात सुरमई हातची गेल्यासारखे.
"म्हणजे फसलो."

मीटर लावला, सिनेमा सुरू केला.
होडीत दोघं बोलत होते: पाऊण वॅट.
बाईनं किनाऱ्यावरून हाक मारली: एक, सव्वा.
मग वादळ. डोलकाठी मोडली तेव्हा
आकडा साठाला शिवला
आणि पापणी लवायच्या आत खाली.
मागच्या पेट्यांत तेव्हाही नुसता वारा.
सातही जण एकदम, पूर्ण ताकदीनं ओरडतात
ते बंदरावर, मासळी उतरल्यावर.

"आणि याच्या दुप्पट वॅटचा घेतला असता तर?"
"तीन डेसिबल. खुर्ची
दोन हात पुढे ओढा, तेवढंच."

तेवढ्यात खालचा बर्फाचा कारखाना सुरू झाला,
व्होल्टेज एकशे सत्तर,
आणि यंत्र वादळातच मिटलं.
आतून हमीदाचाची: "बुडाले का सगळे?"

चाचा हसले नाहीत.
म्हणाले, डावा कान तिकडेच राहिला,
बावीस वर्षं इंजिनरूममध्ये.
गोळीबार ऐकू येतो रे सगळा.
माणसं काय बोलतात ते कळत नाही.

हे आधी सांगायचं.
स्टॅबिलायझर लावला, मधली पेटी
कानाच्या उंचीला आणली, तिचा आवाज चार घरं वर,
खुर्ची पुढे, किंचित डावीकडे,
उजवा कान पडद्याकडे.
बाईनं पुन्हा हाक मारली.
"मुलाचं नाव घेतेय," चाचा म्हणाले.
मीटरवर एक वॅटही नव्हता.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा शेजारचे मजगावकर आले.
"केवढ्याचा हो?"
चाचांनी माळ्याकडे बोट केलं.
"साडेदहाशे वॅट."
मी पाना शोधू लागलो. तो खिशातच होता.