कडब्याचं काय

बुधवारी चार वाजता व्याख्यान असतं.
साडेतीनला मी खुर्च्या मोजते, पडदा खाली ओढते,
समुद्राकडची खिडकी लावून घेते,
नाहीतर ॲबरिस्टविथचे सीगल
वक्त्याच्या आधी बोलायला लागतात.

माझं काम माईकचं.
ज्याचा हात वर, त्याच्यापर्यंत चालत जायचं,
प्रश्न संपेपर्यंत माईक धरायचा
आणि चेहरा कोरा ठेवायचा.

सात वर्षांत पुष्कळ कानावर पडलं.
पानाच्या पाठीवरली बारीक तोंडं कधी मिटतात,
मुळांना पाण्याची चाहूल लागते का,
यावरून दोन प्राध्यापक कसे हमरीतुमरीवर आले.
तीस वर्षांनी जग काय खाईल
हे एकाने तासभर सांगितलं,
मग सँडविचचे काठ सुरीने कापून
बशीत ठेवून दिले.

तिसऱ्या रांगेत, कडेला, इद्वल.
डोंगरापलीकडून बसने येतो. मेंढ्या आहेत.
ओल्या लोकरीचा वास त्याच्या आधी आत शिरतो.
लोक म्हणतात, फुकटच्या चहासाठी येतो.
चहाला तो थांबतही नाही.
नुसता बघतो,
बाजारात बैल पारखावा तसा वक्त्याला.

आज डॉक्टर हार्कम. विषय, कोरडवाहू धान्यं.
आलेख, आलेख, मग एकदम एक कणीस.
बॅटरी बदलता बदलता माझा हात थांबला.
खाली लॅटिन नाव, त्याखाली आकडा.
शाळू!
एवढा मोठा, भिंतभर,
आणि दाण्यावरची लव सुद्धा दिसतेय.

नवा वाण गुडघ्याएवढा. दाणा दीडपट.
त्या म्हणाल्या, उंच धाट म्हणजे उधळपट्टी,
झाडाची सगळी कमाई नको तिथे जाते.
लोकांनी माना हलवल्या.

माझे वडील सोलापूरला कडब्याच्या बाजारात मापाडी होते.
शेकड्याला चार पेंढ्या वर.
धाट दातांनी सोलून चावायचे, गोडी बघायचे,
मग भाव बोलायचे.
दाणा त्या बाजारात कुणी विचारतही नसे.

काही प्रश्न?
कुणाचाच हात नाही.
माईक माझ्याकडे, आणि माईकवालीने विचारायचं नसतं.

"आणि कडबा?"

मराठीतच निघाला शब्द. त्या थांबल्या.
मी इंग्रजीत शोधाशोध केली,
सापडला त्याचा अर्थ होता, उरलेलं.
उरलेलं नाही हो ते, मी म्हटलं,
गाय त्यावर उन्हाळा काढते.
दाणा आपला. धाट तिचं.
तुम्ही तिला विचारलंत का?

मागे कुणीतरी हसलं.
डॉक्टर हसल्या नाहीत.
"ते आम्ही मोजलंच नाही," म्हणाल्या,
आणि कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं,
बरंच लांबलचक.

इद्वल खुर्चीतच वळला.
सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला,
"आमच्या डोंगरावर तर तेवढंच पिकतं."

नंतर मी खुर्च्या रचत होते.
तो टेबलापाशी उभा,
सँडविचचे कापलेले काठ एकेक करून
कोटाच्या खिशात घालत.
"कुत्रीसाठी," म्हणाला.
मग एक काठ तोंडात टाकला.