टाका

हडर्सफील्डच्या लॅबमध्ये तिसऱ्या दिवशीही
मिसेस अ‍ॅक्रॉइडच्या हृदयाची रेघ
सातव्या मिनिटाला तुटली.

बनियन मीच विणलेलं, मशीनवर:
चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा,
बरगडीखाली दोन मऊ पट्ट्या.
जेल नको, चिकटपट्टी नको,
फक्त जरासा घाम हवा,
म्हणून एक्याऐंशी वर्षांच्या बाईला
मी जिना चढवतेय, उतरवतेय.

"आण इकडे," त्या म्हणाल्या.
बनियन मांडीवर पसरलं, डोळे मिटले.
लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं रफू केलेलं बोट
उभं फिरलं, आडवं फिरलं,
थांबलं.
"इथे. एक टाका सुटलाय."

सॉफ्टवेअर तीनदा बदललं होतं मी.

त्यांनी चष्मा मागितला नाही, सुई मागितली.
चांदीचं टोक जिभेवर ओलं करून
एका दमात ओवलं.

पुन्हा जिना. सातवं मिनिट आलं, गेलं.
रेघ चालत राहिली,
बाहेरच्या टेकड्यांसारखी, न घसरता.
अकराव्या मिनिटाला
एक ठोका चुकला. खरोखरचा.
दोघींनीही पाहिला.

मी कर्सर नेला तिकडे, सवयीने.

"तो माझा आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या,
"त्याला हात लावू नकोस."