एक पॉइंट आठ

पहाटे चारला कुंभोजहून निघालेला टेम्पो
शिरोली नाक्यापाशी येईस्तोवर
हेडलाइटचा कंदील झालेला असतो म्हणे.
एकदा बंद पडला की धक्का.
दोन पोरं मागनं, कॅनांतलं दूध डुचमळतंय,
आणि धनपाल मगदूम स्टेअरिंगवर,
पायाखाली क्लच, तोंडात शिवी.

उद्यमनगरात त्यानं गाडी लावली तेव्हा दिवस कलला होता,
समोरचा लेथवाला बर्फीच्या डब्यात ड्रिल मोजून ठेवत होता.
"मालक कुठं हायत?"
मीच, म्हटलं.
त्यानं माझ्या नखांतलं काळं बघितलं
आणि मुकाट बॉनेट उचललं.

तिसरी बॅटरी. पाडव्यापासनं.
अल्टरनेटर इचलकरंजीला खोलून भरून आणलेला,
कार्बन नवे, डायोडची प्लेट नवी,
बेल्ट असा ताणलेला की बोट मारलं तर सूर निघावा.
"आता काय इंजिनच बदलू काय?"
"बघतो," मी म्हटलं.
(आमच्यात बायकाही बघतोच म्हणतात.
पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं.)

बाबालाल मुल्ला, माझे उस्ताद,
आधी मीटरला हात लावू द्यायचे नाहीत.
स्क्रूड्रायव्हर घे,
चालू अल्टरनेटरच्या पाठीशी ने, हळू.
ओढला तर आत जीव आहे.
ओढला. चटकन.
झोपलेल्या आजाऱ्यानं मनगट धरावं तसा.

मग मीटर. लाइट लावून, रेस देऊन.
अल्टरनेटरवर चौदा पॉइंट तीन.
बॅटरीवर बारा पॉइंट चार.
म्हणजे तयार होतंय, पोचत नाही.
आणि रेग्युलेटर आपल्या जागी समाधानी,
त्याच्या हिशेबानं सगळे जेवलेत.

लाल वायरीवर बघितलं: पॉइंट एक. तिचा दोष नाही.
मग एक टोक इंजिनच्या अंगाला,
एक बॅटरीच्या काळ्या खुंटाला:
एक पॉइंट आठ.

"अर्थ लागत नाही," मी म्हटलं.
"मला तरी कुठं लागतोय," धनपाल म्हणाला,
"तीन महिनं झालं."

"गाडीला रंग कधी दिलासा?"
तो जरा थांबला.
पाडव्याला. मागं पोरीचं नाव घालून.
पेंटरनं अर्थची पट्टी सोडली होती,
खाली चासीवर निळ्याचे दोन हात मारले होते
आणि वाळल्यावर पट्टी परत आवळली होती,
बोल्ट अगदी इमानानं घट्ट.

पॉलिशपेपर. रुपयाएवढं लोखंड उघडं केलं,
पट्टी लावली, वरून बोटभर ग्रीस.
चावी फिरवली तर स्टार्टरनं विचारसुद्धा केला नाही.
दोन्ही हेडलाइट समोरच्या शटरवर असे आदळले
की लेथवाला ड्रिल टाकून ओरडला,
"अय, डोळं घालवतीस काय!"

"नुसतं घासल्याचं किती?" धनपालनं विचारलंच.
दीडशे म्हटलं. शंभर मिळाले,
वर अर्धा लिटर दूध, उद्याच्या बोलीवर.

रात्री उस्तादांकडं गेलो.
झटका आल्यापासून उजवी बाजू बंद.
शब्द आत तयार होताना डोळ्यांत दिसतात,
ओठांवर बारा पॉइंट चार.
कुठं घासायचं, कळत नाही.

सगळं सांगितलं. स्क्रूड्रायव्हर, निळा रंग, पोरीचं नाव.
आकडा तेवढा ठेवून घेतला.
ओळखा, म्हटलं, वाटेत किती जात होते?

बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.
मग डावा हात उचलला. दोन बोटं वर.
मग त्यातलं एक, जरासं वाकवलेलं.

मी एवढ्या मोठ्यानं हसलो
की त्यांची सून आतनं आली, हात पुसत.
"चहा मागायलेत," ती म्हणाली.
"दोन कप. तुमचा जरा कमी."