अनंताचं रीडिंग

बर्फ मासळी बाजारातून येतो.
बंडगर मामा तो पोत्यात गुंडाळून आणतात,
ओट्यावर आपटून फोडतात,
म्हणून आमच्या कायनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला
बांगड्याचा वास.

दर दहा मिनिटांनी फ्लास्कमधून पाच मिली उचलायचं,
बर्फाच्या पाण्यात सोडायचं
आणि ब्युरेटखाली धरायचं, गुलाबी होईपर्यंत.
'बर्फात टाकल्यावर अभिक्रिया थांबते,' मी लिहिलं.
आरवाडे मॅडमनी लाल पेनानं खोडलं:
थांबत नाही. मंदावते.
इतकी, की थांबली असं आपण धरून चालतो.

नसीमा घड्याळ बघते, मी थेंब.
ती मिरजेची, घरी सतारी जुळवतात,
तिला म्हणे सेकंद ऐकू येतात.
'आता,' ती म्हणते,
मी पिपेटवरचं बोट सैल करते.

शून्य, दहा, वीस, तीस, चाळीस.
तक्त्याच्या शेवटच्या ओळीत
वेळेच्या रकान्यात आडवा पडलेला आठ.
मॅडम, अनंत म्हणजे किती वाजता?
म्हणजे उद्या सकाळी.
नाहीतर वॉटर बाथवर तासभर,
लाईट असली तर.

लाईट नव्हती.
सांगली स्टँडवरून माझी गाडी सव्वापाचला.

कवठे एकंदला दसरा तोंडावर आलेला.
जिनपाल काकाच्या शेडात सगळ्यांच्या भुवयांवर
कोळशाची भुकटी.
काका फरशीवर दारूची रेघ ओढतो, वीतभर,
एका टोकाला उदबत्ती टेकवतो
आणि तोंडानं मोजतो: एक, दोन, अडी—
'लई पळतीय. कोळसा जरा जाड घाला.'
वेगस्थिरांक हा शब्द त्यानं ऐकलेला नाही.
डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे,
मोजायला वेळ मिळाला नाही
त्या वर्षापासून.

मी त्याला पृष्ठफळ समजावलं:
कण बारीक, पृष्ठभाग जास्त, म्हणून वेग जास्त.
'व्हय,' तो म्हणाला, 'आन् दमट हवा?'
पुस्तकात दमट हवा नाही.

मग आरेनियसचा आलेख.
तापमान उलटं करून आडव्या अक्षावर मांडायचं,
वेगाचा लॉग उभ्या.
सहापैकी पाच ठिपके रेघेवर बसले.
सहावा बाहेर,
तो नसीमा शिंकली तेव्हाचा.

तोंडी परीक्षेला कोल्हापूरचे परीक्षक,
गळ्याभोवती रुमाल, पुढ्यात गार झालेला चहा.
'सक्रियण ऊर्जा. स्वतःच्या शब्दांत.'
मी पाठ केलेलं विसरले.
म्हणाले, सर, आमच्या माळ्यावर
मिसळून, कुटून, नळ्यांत भरलेली दारू
पुढच्या दसऱ्यापर्यंत पडून असते.
खाली आई भाकरी थापते, टीव्ही चालू असतो.
सगळं व्हायला तयार असतं, सर,
आणि होत नाही.
'आणि झालं तर?'
तर आलेख काढायला कोणी उरत नाही.
ते खोकले. कागदावर काहीतरी लिहिलं.
'पहिल्या कोटीच्या वेगस्थिरांकाचं एकक?'
प्रति सेकंद.
'जा.'

एक मात्र राहिलं सांगायचं.
त्या दिवशीचं अनंत मी घेतलंच नाही.
सकाळी पहिल्या गाडीनं आले तर
बंडगर मामांनी फ्लास्क धुऊन
रॅकवर पालथा घातलेला.
नसीमाच्या वहीत अडतीस पूर्णांक चार,
ते तिनं मागच्या बॅचच्या कोणाकडून घेतलेलं,
त्यानं कोणाकडून, विचारलं नाही.
मी अडतीस पूर्णांक तीन लिहिलं,
वेगळं दिसावं म्हणून.

वेगस्थिरांक बरोबर आला.
मॅडमनी सही केली, तारीख घातली.