एक्याऐंशी

पट्टेवाल्यानं तीनदा पुकारलं,
'मुंजाजी लिंबाजी दुधाटे, हाजिर हो!'
उठताना माझा गुडघा एवढा वाजला
की शिरस्तेदारानं मान वर केली.

परभणीचं कोर्ट, लोकअदालतीचा दिवस.
अर्धे भरा आणि सुटा, अशी रांग.
माझ्यापुढं रऊफभाई, मालवाहू रिक्षा, अकरा चलानं.
मोबाइलवर एकेक उघडून दाखवत होते,
पाहुण्याला लेकरांचे फोटो दाखवावेत तशी.
भरून निघाले. जाताना वाकून म्हणाले,
'कायकू भांडता साहेब, हजाराचे पाचशे घेऊ लागलेत.'

मी भांडायलाच आलो होतो.
चलान प्लास्टिकच्या पाकिटात:
जिंतूर रस्ता, झरीच्या अलीकडं, दुपारी एक वाजून बारा मिनिटं.
मर्यादा साठ. वेग एक्याऐंशी.
मर्यादेचा फलक आदल्या दिवशी जाऊन पाहून आलो.
त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स,
साठमधला शून्य तेवढा
गॉगलच्या बाजूनं डोकावतोय.
पण तो मुद्दा राखून ठेवला.

एकतीस वर्षं मी वजनमापं तपासली,
मानवतच्या कापसापासून बोरीच्या मिरचीपर्यंत.
तळातून पोखरलेला किलो तळहातावर घेतला
की सांगायचो, पन्नास ग्रॅम गेले.
पारड्याखालचं चुंबक, दांडीला चिकटवलेलं मेण,
सख्ख्या मेव्हण्याचा काटा जप्त केला
तेव्हा घरात वर्षभर भाकरी आपटून वाढली गेली.
तर मॅडम, माझं म्हणणं एवढंच:
त्या यंत्रावर शिक्का कुणी मारला? कधी?

मॅडम माझ्या धाकटीच्या वयाच्या.
पेन थांबलं.
हवालदार फाईल उलटी-सुलटी करू लागला.
'तुमच्या गाडीचा काटा किती दाखवत होता?'
'काटा बंद आहे, मॅडम. आठ वर्षं शून्यावर.'

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला तर भिंतीला टेकून हसला.
त्या हसल्या नाहीत.
'तडजोड नको असेल तर तारीख लागेल.
यंत्राचा दाखला मागवू.
दाखला नसला तर चलान रद्द.
मग एक्याऐंशी हा आकडा
कोर्टाच्या दृष्टीनं नव्हताच.'

नव्हताच?

त्या दुपारी कुणी आजारी नव्हतं.
कुठली गाडी चुकत नव्हती.
भाच्याकडून पायलीभर तूर घेऊन निघालो होतो,
रस्ता नवा, काँक्रीटचा, रिकामा,
दोन्हीकडं काढणी झालेली रानं.
मूठ पिळली. म्हटलं बघू, आणखी पिळली.
सदरा पाठीवर फुगला,
डोळ्यांतलं पाणी सरळ कानाकडं गेलं,
आणि मी ओरडलोसुद्धा. काय ते सांगत नाही.
त्रेसष्टावं लागलं होतं.
तूर सांडत होती, ते घरी गेल्यावर कळलं.
केवढ्यानं गेलो
ते मात्र कधीच कळलं नसतं.

'राहू द्या मॅडम,' म्हणालो, 'भरतो.'
'पाचशे.'
'नाही, हजार. अर्धं माप मी कधी घेतलं नाही.'
हवालदारानं फाईल मिटली, कपाळ पुसलं.

खिडकीवरच्या पोरानं पावती फाडून दिली.
रक्कम होती, गाडीचा नंबर होता.
दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.
'वेग पण लिही, बाबा.'
'कामून, काका? भरले की तुम्ही.'
'लिही. अन् वरून शिक्का मार.'

त्यानं लिहिलं. शिक्का मारला,
जांभळा, एका अंगाला झुकलेला.
मी पावती दाराच्या उजेडात धरली,
सवयीनं डोळा बारीक करून पाहिली.

चालतो.