काळा किती काळा

राजारामपुरीतल्या दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी.
दोन्हींत एकच पोपट, पंख झाडतोय, पुन्हा झाडतोय.
मुजावरांचा तौफिक म्हणाला, काका, ह्याचा काळा बघा,
ह्यात ठिपका न् ठिपका आपापला विझतो.
त्या दुसऱ्यात मागनं उजेड,
काळ्यात थोडी राख मिसळतीच.

मला काळा शिकवतोय पोरगं!
एकतीस वर्षं डार्करूममध्ये काढली मी,
लाल दिव्याखाली, चिमट्यानं कागद हलवत.

पण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
उजव्याचं दिवाळीनंतर.
उजवा झाकला की पोपटामागचे ढग निळीत बुडवलेले,
डावा झाकला की चहात.
कुठल्या डोळ्यावर विश्वास ठेवून पैसे मोजायचे?

मग त्यानं फुटबॉल लावला.
गवत असं हिरवं, म्हशीनं काचेला तोंड लावलं असतं.
आपल्या मैदानात मार्चमध्ये चेंडूच्या मागं धूळ पळते.
म्हटलं, रंग उतरव.
अजून.
तेव्हा कुठं गोलकीपरला घाम आला.

शालन इतका वेळ खुर्चीत, मांडीवर पिशवी.
म्हणाली, दुपारी चारला आपल्यात ऊन कुठंवर येतंय?
टीव्हीच्या पायापर्यंत, मी म्हटलं.
मग ह्या काळ्याशार काचेत मालिका दिसंल,
का सणगरांची वाळत घातलेली चादर?
दार लावून घ्यायचं काकू, तौफिक म्हणाला.
दार लावल्यावर सणगरांची माई यायची कशी?
तिच्याकडं टीव्ही आहे. एकटीला बघवत नाही.
आणि बातम्यांची खालची पट्टी कायमची उमटती म्हणं?
क्वचित, काकू.
आमच्यात दिवसभर चालू असतंय, बाळ.

राखवाला घेतला. आठ हजारांनी स्वस्त,
ते उजव्या डोळ्याला होतील.

रात्री सगळे दिवे घालवून एकटा बसलो.
पडद्यावर रानातली रात्र, कुणीतरी कंदील घेऊन चाललेलं,
कंदिलाभोवती नको तेवढं धुकं,
आणि रात्र कसली, जुन्या तव्याचा रंग.

ओळखला मी तो काळा.
लग्नसराईत डेव्हलपर थकला की
कागदावर असाच उतरायचा,
मालक म्हणायचा, चालतंय, दे.
मी मान खाली घालून पाकिटात भरायचो.
आणि लोक काउंटरवरच पाकीट फोडून
एकमेकांना दाखवत बसायचे,
ही बघ मावशी, हा बघ तू, डोळे मिटलेला.