लेफ्ट बॅक

रॉचडेलच्या दवाखान्यात ऑर्मरॉड
गुडघा माझ्या हातात सोडतो,
दुरुस्तीला टाकलेल्या घड्याळासारखा.
अकरा मोसम, चार क्लब, दोन गोल.
त्यातला एक आपल्याच जाळ्यात.
तो अजून गावाच्या तोंडी आहे,
खाटीकसुद्धा विचारतो.

"आणि अडवलेले?"
"जे झालंच नाही, बाई,
त्याची वही कोण ठेवतं?"
गुडघा वाकवते. आत खडी वाजते.

एकदा ग्रिम्सबीला, म्हणतो,
रेषेवरून चेंडू काढला कपाळाने.
सात टाके. धुकं असं
की आपल्याच लोकांना दिसलं नाही.
भुवईवर बोट फिरवतो,
खूण जागेवर आहे ना.

पुढची वेळ मंगळवार, साडेदहा.
निघताना दार आपोआप मिटू लागतं
आणि त्याचा तोच पाय आडवा :
मागून मिसेस व्हिटल येतायत,
वॉकर घेऊन, सावकाश.